बाग ताणावर होती तेव्हा

परवा सकाळी वहिनीचा फोन आला. घरातलं, गावातलं, तिच्या गुडघ्याचं असं सगळं बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आन् ताई, कालपासून बाग ताणावर सोडली बरं का." तिच्या लेखी ती साधी बातमी होती. फळं उतरून थंडी पडली, की अंबडच्या आमच्या शिवारात घरोघर हेच बोलणं असतं. मी फोन ठेवला आणि पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात, हातात चहाचं गाळणं धरून, तशीच उभी राहिले. तो एक हिवाळा पुन्हा समोर आला.

मोसंबीला ताण देतात, म्हणजे तिचं पाणी तोडतात. ठिबक बंद. दिवस जातात तशी जमीन भेगाळते. पानं आधी मलूल होतात, मग कडेनं वळतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. झाड घाबरलं पाहिजे, असं माझे वडील, अण्णा, म्हणतात. घाबरलेलं झाड पाणी मिळाल्याबरोबर फुलतं. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, फूल येत नाही. जास्त झाला तर झाडच हातचं जातं. कुठं थांबायचं, यावरून घराघरांत भांडणं होतात. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी मोठ्यानं हसत नसे. जेवताना वाटी आपटली तरी माणसं दचकून वर बघायची. उन्हात बागेतून चाललं, की पायाखाली वाळली पानं वाजत आणि अण्णांचे डोळे त्या आवाजाच्या मागे मागे फिरत.

मी ड्रम वाजवते. जॅझ वाजवते. हे वाक्य आमच्या गावात मला आजवर नीट पूर्ण करता आलेलं नाही. "म्हंजी बँडमधी?" असं कुणीतरी मधेच विचारतं आणि मी हो म्हणते, कारण ते अगदीच खोटं नाही. माझी सुरुवात बँडमध्येच झाली. अंबडच्या शाळेत सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी पथक होतं. पीटीच्या सरांनी मुलींमधून मला उभं केलं आणि गळ्यात ड्रमचा पट्टा अडकवला. पट्टा एवढा लांब, की ड्रम गुडघ्यावर आदळायचा. चालताना गुडघा काळानिळा झाला. पण मी ड्रमवर काठी टाकली की सगळ्या शाळेचे पाय एकदम पडायचे. धुळीत पडणाऱ्या त्या पायांचा आवाज मला अजून ऐकू येतो. एवढी माणसं आपल्या मनगटावर चालतात, हे कळल्यावर मला दुसरं काही गोड लागेना.

पुण्याला कॉमर्सला गेले, ती वाद्यांच्या एका दुकानात अर्धवेळ काम करायला लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत रविवारी काहीजण जमून वाजवायचे. पियानोवर नोएल असायचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, कायम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तालच सापडेना. शाळेत शिकवलेलं होतं, की सगळ्यांनी पाय एकदम टाकायचा. इथं प्रत्येकजण आपापल्या वाटेनं चालला होता आणि तरी कुणी हरवत नव्हतं. मी दारात झाडू धरून उभी होते. छातीत धडधडत होतं, चोरी करताना धडधडावं तसं.

नोएलनंच मला पुढे बसवलं. तो म्हणायचा, "उजवा हात म्हणजे रस्ता. तो झांजेवर चालू ठेवायचा, थांबवायचा नाही. डावा हात म्हणजे गप्पा." उजव्या हातानं मोठ्या सपाट झांजेवर लय धरायची आणि डाव्या हातानं, समोरच्या छोट्या ड्रमवर, पियानोशी बोलायचं. कधी होकार द्यायचा, कधी टोमणा मारायचा, कधी त्याचं वाक्य मधेच तोडायचं. माझा डावा हात बोलका होता. पुढं नोएलच्या चौकडीत मी कायमची बसले आणि लोक आमच्याकडे आले ते बऱ्याचदा त्या गप्पा ऐकायला.

हॉटेलांच्या लॉबीत वाजवलं, लोक सूप पीत असताना वाजवलं. मोठ्या महोत्सवांत वाजवलं, दोनदा परदेशी जाऊन आले. दर नव्या ठिकाणी व्यवस्थापक माझ्याकडे बघून विचारायचा, "मॅडम, गाणार तुम्हीच ना?" मंठ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता. त्याच्या काकांनी विचारलं, लग्नानंतर हे सोडणार ना. मी नाही म्हणाले. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत आणि माझ्या वाजवण्यावरही कधी बोलले नाहीत. मी सणाला घरी जायची, आठ दिवस राहायची, परत यायची. मधल्या माझ्या आयुष्याला आमच्या घरात नाव नव्हतं.

आणि मग त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास, एका हॉटेलात वाजवताना, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मुठीत वळली. माझ्या मनात नसताना वळली. काठी निसटून नोएलच्या पायाशी गेली. त्यानं वाजवता वाजवता हसून पायानं ती माझ्याकडे ढकलली. मीही हसले. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच झालं. मग रोज. दुखत अजिबात नव्हतं. काठी हातात घेतली, की बोटं गोगलगायीसारखी आत जायची. आणि तोच हात भाजी चिरायला, लिहायला, कुलूप उघडायला एकदम शहाणा.

डॉक्टर म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही. मेंदूकडून बोटांना हुकूम चुकीचा जातोय. वादकांना होतं हे. जे आयुष्यभर सगळ्यात जास्त केलं, नेमकं तेच करताना होतं."

"बरं होतं का?"

"काहींचं थोडंफार होतं," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटच्या फाईलकडे बघायला लागले.

होळीच्या आसपास चौकडीचं रेकॉर्डिंग ठरलं होतं आणि त्यापाठोपाठ मोठा दौरा. नोएलला मी सांगितलं, थोडी विश्रांती घेते. अंबडची एसटी धरली.

घरी आले ती बाग ताणावर असताना. दादा स्टँडवर मोटरसायकल घेऊन आला होता.  घरात शिरताच कळलं, की अण्णा आणि दादा एकमेकांशी बोलणं टाकून बसलेत. मागच्या वर्षी अण्णांनी ताण लांबवला आणि वरच्या मुरमाड तुकड्यातली कितीतरी झाडं वाळून गेली. ती उपटून बांधावर टाकलेली होती, मुळं वर करून. या वर्षी दादाला लवकर पाणी सोडायचं होतं. अण्णा म्हणत होते, अजून न्हाई. आणि दादा परस्पर मोटार चालू करील, म्हणून अण्णांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालून किल्ली करदोट्याला बांधली होती. दुपारी ते बाजेवर पडले, की ती किल्ली सदऱ्याखालून दिसायची. दादा तिकडे बघायचा आणि उठून जायचा.

त्या घरात मी माझा हात घेऊन राहिले. कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी वहिनीबरोबर भाकरी थापायची. डावा हात छान साथ द्यायचा, परातीत भाकरी गरागरा फिरायची. पुतणीच्या वेण्या घालायची. मग सगळे कामाला लागले, की विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जायची, खताच्या गोणीवर रबराचा तुकडा ठेवायची आणि काठ्या काढायची. बोटं लगेच आत. मी ती उजव्या हातानं सरळ करायची. पुन्हा आत. चिकटपट्टीनं बांधून पाहिली, काठी जाड करून पाहिली, अगदी हळू वाजवून पाहिलं. जितका जोर करावा तितकी मूठ घट्ट. पत्र्याच्या छपरावर ऊन तडतडायचं. पलीकडे झाडांची पानं गळत होती आणि मला रोज वाटायचं, आज तरी होईल.

एकदा वहिनी चहा घेऊन दारात आली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ताई, हात दाखवा बरं इकडं."

मी दाखवला. तिनं एकेक बोट ओढून पाहिलं. "दुखून राह्यला का?"

"न्हाई."

"मंग?"

"काठी धरली की असं होतं."

"मंग काठी नका धरू," ती म्हणाली. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कपबशी खाली ठेवून माझ्या शेजारी गोणीवर बसली. "चुकलंच माझं. असं कसं बोलले मी."

"घरात सांगू नको, वहिनी."

"कोनाला सांगू? दोघं बापलेक एकमेकाशी बोलत न्हाईत, माझ्याशी काय बोलतेत." चहा निवेपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

ज्या दिवशी सगळं एकदम फुटलं, त्या सकाळी नोएलचा फोन आला. तो इकडचं तिकडचं बोलला नाही. "ज्योती, तारीख पक्की झाली. मला एक उत्तर दे. तू आहेस की नाहीस?"

"दुपारी सांगते."

"हात कसा आहे? खरं सांग."

"दुपारी सांगते म्हटलं ना," मी म्हणाले आणि फोन बंद केला. माझाच आवाज मला चिरका वाटला.

मी मोटारीच्या खोलीत काठ्या घेऊन बसले होते, तेवढ्यात दादा आत आला. त्याच्या हातात मोठा दगड होता. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. कुलपावर दगड घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पेटीचा पत्राच वाकला आणि कोयंडा निघाला. बटण दाबलं. विहिरीत मोटार घुमली आणि पाइप थरथरला.

"दादा, अण्णाला इचारलं का?"

"इचारून काय झालं मागच्या वर्षी? झाडं मरून राह्यली, ज्योते. मला न्हाई बघवत आता."

आम्ही बाहेर आलो तर समोर अण्णा. घरातून धावत आले असावेत, पायांत चपला नव्हत्या. मला वाटलं, आता हात उगारतात. दादानंही तसंच समजून मान पुढं केली होती. अण्णा त्याच्या बाजूनं निघून गेले. दोन्ही तुकड्यांकडे जाणारे पाइप जिथं फुटतात, तिथं वाकून त्यांनी खालच्या, ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीचा व्हॉल्व बंद केला. मग त्याच्यावरच्या फरशीवर जाऊन बसले.

"वरच्याला सोड," ते म्हणाले. "तुझं बराबर असंल. मुरूम हाय तो. पर खालच्याला माझ्या जिवात जीव हाय तवर पानी न्हाई."

दादा तिथंच उकिडवा बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. चाळिशी पार केलेला माझा भाऊ. मग उठला आणि वरच्या तुकड्याकडे पाण्यामागं गेला.

थोड्या वेळानं मी अण्णांसाठी पाण्याचा तांब्या नेला. त्यांनी घेतला नाही. माझ्या हातात काठ्या तशाच राहिल्या होत्या. त्यांनी त्या बघितल्या.

"रोज त्या खोलीत काय करतीस गं तू?"

मला एकाएकी लपवण्याचा कंटाळा आला. "माझा हात गेला, अण्णा."

"कुठं गेला? हाय की."

मी खाली बसून फरशीच्या कडेवर डाव्या हातानं काठी धरली. दोन ठोके पडले. बोटं वळली, काठी घरंगळून त्यांच्या उघड्या पायावर पडली. त्यांनी ती उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. माझ्या कामाची वस्तू त्यांच्या हातात मी पहिल्यांदाच बघत होते.

"डाक्टर काय म्हनला?"

मी सांगितलं. त्यांनी काठी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "मी तुझं वाजवनं एकदाबी न्हाई ऐकलं."

"तुम्ही आलाच न्हाई."

"बोलावलं व्हतं का कधी?"

"बोलावलं असतं तर आले असता?"

अण्णांनी विचार केला. "न्हाई," ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या वर्षांत आमच्यात झालेलं ते पहिलं खरं बोलणं होतं.

"वाजव आता," ते म्हणाले.

"आता येत न्हाई, अण्णा. तेच तर सांगून राह्यले."

"येतं तेवढं वाजव. मला कुठं कळतंय, काय कमी हाय त्यात."

तेवढ्यात लाईट गेली. मोटार थांबली आणि शिवार एकदम मुकं झालं. मी मोटारीच्या खोलीतून घमेलं आणि फवारणीचा रिकामा पिंप आणला. डावा हात मांडीवर ठेवला. उजव्या हातानं घमेल्याच्या काठावर लय धरली, टाचेनं पिंपावर ठोका दिला. डाव्या हाताच्या जागा रिकाम्या जाऊ लागल्या. प्रत्येक रिकाम्या जागेवर माझा खांदा दचकत होता. जिना उतरताना अंधारात पायरी नसावी, तसं. मी थांबले नाही. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. डोळे मिटले होते की काय, दिसत नव्हतं. मी रडत होते आणि लय मात्र सुटली नव्हती.

थांबले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं हाय." मग तांब्या उचलून घटाघट पाणी प्याले.

दुपारी मी नोएलला फोन केला आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घे म्हणून सांगितलं.  तो म्हणाला, "थँक यू." बाकीचं आम्ही दोघांनीही त्या दिवसापुरतं ठेवून दिलं.

बागेचं काय झालं, तेही सांगायला हवं. वरच्या तुकड्यात दादाच्या पाण्यानं झाडं वाचली, फूल मात्र विरळ आलं. खालच्या तुकड्याचं पाणी अण्णांनी आणखी बरेच दिवस अडवलं. त्यात काही झाडं गेली आणि राहिली ती अशी फुलली, की घरापर्यंत वास यायचा आणि मधमाश्यांनी ओसरीवर बसू दिलं नाही. कोण बरोबर होतं, यावर आमच्या घरात कुणी तोंड उघडलं नाही. एका दुपारी दादानं अण्णांना नुसतंच विचारलं, "जेवलात का?" आणि अण्णा म्हणाले, "तू बस, मंग बसतो."

माझा हात पूर्वीसारखा झाला नाही. चौकडीच्या रेकॉर्डिंगवर माझ्या जागी दुसरं कुणी वाजवलं आणि चांगलं वाजवलं. ते ऐकायला मला दोन वर्षं लागली. त्या काळात मी मुलांना शिकवलं आणि स्वतःला पहिल्यापासून शिकवलं. काठी नव्या पद्धतीनं, चमच्यासारखी सैल धरून, गोगलगायीच्या वेगानं. काठीऐवजी तारांचा ब्रश धरला, की बोटं थोडी उशिरा वळतात, हे सापडलं. कधी एक महिना कमावलेलं एका सकाळी पार नाहीसं झालेलं असायचं. मग एक गिटारवाला आणि एक बेसवाली मिळाली, दोघंही माझ्याहून लहान, आणि आम्ही तिघं हळू चालीची गाणी वाजवू लागलो. माझा डावा हात आता फार बोलत नाही. कधी बोलेल, याचा भरवसा मलाही नसतो.  

गेल्या वर्षी संभाजीनगरला एका छोट्या सभागृहात रविवारी संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता. अंबडहून गाडीनं फार लांब नाही. मी वहिनीला फोन केला आणि म्हणाले, अण्णांना दे. "अण्णा, माझा कार्यक्रम आहे. या."  ते म्हणाले, "किती वाजता?"

ते आले. पांढरा सदरा, धोतर, टोपी. आजूबाजूला जीन्समधली मुलं. दादा, वहिनी आणि ते पहिल्या रांगेत. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळं नीट झालं. चौथं अगदी संथ होतं, त्यात ब्रश सतत ड्रमवर फिरवत राहावा लागतो. मधेच मला बोटं आत जाताना जाणवली. एक, मग दुसरं. ब्रश खाली पडला. तारा फरशीवर घासल्याचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला.

आणि अण्णा उभे राहिले.

पहिल्या रांगेत, मधोमध, टोपीसकट. मागून कुणीतरी "बसा, काका" म्हणालं. वहिनीनं सदरा ओढला. ते हलले नाहीत. बागेत झाडाकडे बघतात तसे माझ्याकडे बघत होते, पाठ ताठ, हात दोन्ही बाजूंना. कशाला उठले, त्यांनाही सांगता आलं नसतं. लेकीच्या हातातून काही पडलं, म्हणून उठले असतील.

मी ब्रश उचलायला वाकले नाही. डावा हात मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. उजवा हात झांजेवर चालूच होता. बेसवालीनं माझ्याकडे पाहिलं आणि आपला सूर थोडा रुंद करून मला जागा दिली. अण्णांच्या चेहऱ्यावरून नजर न काढता मी ते गाणं तसंच शेवटपर्यंत नेलं. शेवटचा ठोका पडला, झांजेची थरथर विरत विरत नाहीशी झाली.

मग अण्णा खाली बसले.